चर्चा: लाच खाणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

सोनकी

पगार पुरत नाही म्हणून खातात, हे कारण आता तरी कुणी पुढे करू नये. तलाठ्याची वेतनश्रेणी २५,५०० ते ८१,१००, वर महागाई भत्ता, घरभाडं. त्याच्या वरच्या साहेबांचं तर विचारायलाच नको. तरी वारस नोंदीसाठी माझ्या मामांना इतके हेलपाटे घालावे लागले की शेवटी त्यांनी कंटाळून पाकीट दिलं. त्यानंतर नोंद लगेच धरली गेली. पाकीट घेणाऱ्याच्या दारात नवी गाडी उभी होती.

माझं मत सांगते. हे लोक पैशाला हपापलेले असतात हे अर्धंच खरं. त्यांना समोरच्याला ताटकळत ठेवायला आवडतं. 'आज साहेब नाहीत, सोमवारी या' म्हणताना चेहरा बघा कधी. पैसा हा त्या माजाचा पुरावा.

आणि वर जाल तसा खिशाचा संबंध कमीच होत जातो. सिमेंट प्रकरण आठवा. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी निकाल दिला की बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध होता. मुख्यमंत्री अंतुले यांनी राजीनामा दिला. पैसा त्यांच्याच त्या ट्रस्टमध्ये जात होता. मग हवं काय होतं? माझ्या मते, माझ्या शब्दावर हे राज्य चालतं हे दाखवणं.

तुम्हाला काय वाटतं?

जुना कारकून

ताई, माज असतो, नाही म्हणत नाही. पण खालच्या टेबलावर माजापेक्षा भीती जास्त असते.

मी दुसऱ्या खात्यात होतो. सरकारी नोकर म्हणून एसीबीने, म्हणजे लाचलुचपत खात्याने, एकदा पंच म्हणून नेलं होतं. सापळा कसा असतो ते थोडक्यात सांगतो, कारण बातमीत 'रंगेहाथ' एवढंच येतं. आधी नोटांचे नंबर पंचनाम्यात उतरवतात. मग त्यांना अँथ्रासीनची पावडर लावतात, नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तक्रारदाराला बजावतात की मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. पैसे दिले की डोक्यावरून हात फिरवायचा, ही त्या दिवशीची खूण होती. खूण झाली, आम्ही आत गेलो. खिडक्या लावून त्या माणसाची बोटं अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरली. निळसर चमकली. शर्टाचा खिसाही चमकला.

तो रडला नाही, नाकबूलही झाला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तीन हजारांतले माझे पाचशेच होते."

पाचशेसाठी कुणी नोकरी आणि पेन्शन पणाला लावतं का? ज्याच्याकडून महिन्याच्या महिन्याला वर जात नाही, त्याची बदली होते. बदल्यांचा कायदा २००५ चा आहे, त्यात तीन वर्षांचा कार्यकाळ लिहिलाय. पण त्याच कायद्यात 'विशेष कारणे' नोंदवून मुदतीआधी हलवायची सोयही आहे. मुलं दहावी-बारावीत असताना तीनशे किलोमीटरवर फेकलं जाणं काय असतं, हे नोकरी न केलेल्याला कळायचं नाही.

चिंचोका

काका, सपशेल असहमत. पकडला गेलेला जो तो वरच्याचंच नाव घेतो. उरलेले अडीच हजार वर जाणार होते हे कशावरून? आणि पाचशे एका फाइलचे. दिवसात फाइली किती, गुणाकार करा की!

माझं म्हणणं सरळ आहे, खुर्ची कुणाला बिघडवत नाही, बिघडलेलेच खुर्चीच्या रांगेत उभे असतात. रेमा हॅना आणि शिंग-यी वांग या दोन अर्थतज्ज्ञ बाईंनी बंगळुरूच्या कॉलेजातल्या मुलांवर प्रयोग केला होता. प्रत्येकाने ४२ वेळा फासा टाकायचा आणि आकडा आपणच सांगायचा. मोठा आकडा, जास्त पैसे. ज्यांनी बेमालूम आकडे फुगवून सांगितले होते त्यांना सरकारी नोकरीची ओढ जास्त निघाली. ही मुलं अजून कुठल्या टेबलावर बसलीही नव्हती. मग त्यांना कुठल्या साहेबाची भीती?

स्वाती (कोपनहेगन)

@चिंचोका, तो प्रयोग अर्धाच सांगितलात. तसाच फासा इथे डेन्मार्कमध्येही टाकून पाहिला, आणि निकाल उलटा आला. इथे प्रामाणिक मुलांना सरकारी नोकरी हवी होती, आकडे फुगवणाऱ्यांचा कल खाजगीकडे. इथे सरकारी टेबलावर पगाराशिवाय काही मिळत नाही हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. त्यामुळे ज्याला झटपट कमवायचंय तो तिकडे फिरकतच नाही. मराठी पोरं जन्मतः लबाड आणि डॅनिश पोरं साधुसंत, असं तर तुम्हाला म्हणायचं नाही ना?

चिंचोका

मराठी नव्हे, बंगळुरूची पोरं. :) आणि माझा मुद्दा तोच आहे. आपल्याकडे टेबलाची कीर्ती आधी पोचते, मग उमेदवार. लग्नाच्या बैठकीत "पगार किती" झाल्यावर "वरचे किती" हे हळूच विचारणारे मामा-काका आपल्याच घरातले.

सोनकी

हे मात्र पटलं. 'पाटबंधारेत आहे' म्हटल्यावर मुलीकडच्यांचा चेहरा खुललेला मी पाहिलाय, आणि तो पाणीप्रश्नाच्या कळवळ्याने नक्कीच नव्हता. पण यातून माझाच मुद्दा पुढे जातो. हवी असते ती पत. गावच्या सप्ताहाला मोठी देणगी, पावतीवर नाव, मंडपात पुढची खुर्ची. पैसा कुठून आला हे तिथे कोण विचारतं?

नाना उवाच

तुम्ही सगळे माणसाच्या पोटात शिरताय. पोटात काय आहे ते सोडा, हातात काय दिलंय ते बघा.

सोनकीताईंनीच सिमेंट काढलं म्हणून सांगतो. तेव्हा सिमेंट कंट्रोलचं होतं. घराला दोन खोल्या वाढवायच्या तरी परमिट, आणि परमिटासाठी कुणाचे तरी पाय धरा. फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्राने अंशतः कंट्रोल उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण. आज सिमेंटच्या गोणीसाठी मंत्रालयात कोण जातं? माणसं सुधारली का? मुळीच नाही. वाटायला काही उरलं नाही. टेलिफोनचंही तेच, लाइनमनची दिवाळी आजच्या पोरांना सांगून खरी वाटणार नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो, तेवढ्यापुरता तलाठ्याचा दरवाजा बंद.

हाव, माज, भीती सगळं असू द्या हो जिथल्या तिथे. परमिट काढून घ्या.

चिंचोका

नाना, सिमेंट सुटलं, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर, म्हणजे विकता येणारा बांधकामाचा हक्क, आला. बिल्डर तोच, मंत्रालय तेच, गोणीऐवजी चौरस फूट. परमिट काढून घ्या म्हणता, पण जमीन कमी आणि माणसं जास्त असली की कुणाला तरी वाटप करावंच लागणार. हावरा माणूस नवी खिडकी शोधतोच.

जुना कारकून

सातबारा मोबाइलवर निघतो, कबूल. पण सोनकीताईंच्या मामांचं काम सातबाऱ्याचं नव्हतं, वारस नोंदीचं होतं. नोंद तलाठी धरतो, नोटीस निघते, १५ दिवस हरकतीची वाट बघायची, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. यातलं एक पाऊलही माणसाशिवाय पडत नाही, आणि पडूही नये, नाहीतर बहिणींची नावं रातोरात उडतील. नानांचं औषध इथे चालत नाही.

आता भीतीबद्दल. हाँगकाँगच्या पोलिसांत पूर्वी एक म्हण होती: बसमध्ये चढा, नाहीतर बसच्या बाजूने पळा, पण बससमोर उभे राहू नका. बस म्हणजे लाचखोरी. गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी उत्पन्नाचा हिशेब न देता १९७३ मध्ये इंग्लंडला पळाला. लोक रस्त्यावर उतरले, १९७४ मध्ये थेट गव्हर्नरला जबाबदार असलेली वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि तिने त्याला परत आणून तुरुंगात घातलं. खालचे शिपाई काही एका वर्षात संत झाले नाहीत. बससमोर उभं राहिलं तरी चिरडले जात नाही, एवढं त्यांना दिसलं. चिंचोकांच्या हिशेबाने हावरेच भरती झालेले असते, तर ते खातं सुधारलंच नसतं.

सोनकी

काका, पण त्यात आधी पकडला गेला तो वरचा. आपल्याकडे सापळ्यात सापडतो तो बहुतेकदा तीन हजारवाला. वरच्याच्या निर्णयाची नुसती चौकशी करायची तरी २०१८ च्या दुरुस्तीपासून सरकारची पूर्वपरवानगी लागते. तुमच्या त्या माणसाचे अडीच हजार ज्याच्याकडे जाणार होते, त्याचं पुढे काय झालं?

जुना कारकून

पंचनाम्यात त्याचं नाव नव्हतं. पुढे पदोन्नती झाली.

चिंचोका

म्हणजे त्याला तरी कुणाची भीती नव्हती. मग तो का खात होता, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.