मदत हवी आहे: कर्णधार बदलल्याने खेळाडूचा खेळ बदलला, हे आकड्यांत कसं दाखवायचं?

ओवी_कोथरूड
नमस्कार. आयपीएलच्या दोन्ही हंगामांचा चेंडूगणिक डेटा उतरवून घेतला आहे आणि पार अडकले आहे. धोनीच्या आणि स्मिथच्या हाताखाली प्रत्येकाची सरासरी, स्ट्राइक रेट (शंभर चेंडूंमागे धावा), इकॉनॉमी (गोलंदाजाने षटकामागे दिलेल्या धावा) काढून शेजारी शेजारी मांडली. संघ सातव्या क्रमांकावरून थेट अंतिम सामन्यात गेला, म्हणजे बहुतेकांचे आकडे वर जायला हवेत. ते जात नाहीत. काहींचे तर खाली आलेत. टी-टेस्टमधूनही (दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारी चाचणी) काही निघत नाही. सर विचारतात, निष्कर्ष कुठे आहे? सोमवारी दाखवायचं आहे. नेमकं काय करू ते सांगा. "क्रिकेट आकड्यांत मावत नाही" असे प्रतिसाद कृपया नकोत.

लेगब्रेक
कोणते हंगाम? पुण्याच्या संघाचे २०१६ आणि २०१७ का? फलंदाज घेतलेत की गोलंदाज? अभ्यासक्रम कोणता, सॉफ्टवेअर कोणतं? हे काहीच लिहिलं नाहीत, सांगायचं कसं?

ओवी_कोथरूड
हो, पुणेच. दोन हंगामांत धोनी आणि मग स्मिथ असे कर्णधार दुसऱ्या कुठल्या संघाला होते? एमएस्सी स्टॅटिस्टिक्स, दुसरं वर्ष. फलंदाज आणि गोलंदाज दोन्ही घेतलेत. आर वापरते.

नदीकाठचा_पंच
यात सिद्ध काय करायचंय? २०१६ ला १४ सामन्यांत ५ विजय, २०१७ ला ९. मालक तेच, प्रशिक्षक तोच फ्लेमिंग, शहर तेच. बदलला फक्त कर्णधार. प्रयोगशाळेतसुद्धा इतकी चांगली तुलना मिळणार नाही. स्मिथ मैदानावर सतत गोलंदाजाशी बोलायचा, क्षेत्ररचना हलवायचा. तरुण संघाला तसाच कर्णधार लागतो. बिनधास्त लिहा.

माही_माझा
बदलला फक्त कर्णधार?? २०१६ ला पीटरसन, डू प्लेसी, मिचेल मार्श आणि खुद्द स्मिथ दुखापतीमुळे हंगाम अर्ध्यावर सोडून गेले. दुष्काळामुळे मे महिन्यातले घरचे सामने विशाखापट्टणमला न्यावे लागले. आणि २०१७ ला कोण आलं? साडेचौदा कोटींचा स्टोक्स, इम्रान ताहिर, उनाडकट, राहुल त्रिपाठी, वॉशिंग्टन सुंदर. यांतला एकही धोनीला मिळाला नव्हता. मग तुलना कुणाची कुणाशी चाललीय?
आणि गहुंज्याच्या, म्हणजे पुण्याच्या मैदानाचंच बोलायचं तर २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला आले. तेच मैदान, तोच धोनी, आणि त्या वर्षी चषक जिंकला. आता सांगा कर्णधार वाईट होता का.

नदीकाठचा_पंच
वाईट कुणीच म्हटलेलं नाही. शैली वेगळी, एवढंच. २०१६ च्या सुरुवातीला काही सामन्यांत अश्विनला चार षटकं पूर्ण दिली नव्हती, ते विसरलात? आणि स्मिथने सतरा वर्षांच्या वॉशिंग्टनवर वानखेडेवरच्या क्वालिफायरमध्ये पॉवरप्लेची जबाबदारी टाकली. त्याने १६ धावांत ३ बळी घेतले. याला कर्णधारपद म्हणतात.

माही_माझा
त्या क्वालिफायरमध्ये २६ चेंडूंत नाबाद ४० कुणाच्या होत्या? अश्विन दुखापतीमुळे नव्हता म्हणून वॉशिंग्टन संघात आला. अश्विन तंदुरुस्त असता तर त्याला बोलावणंही आलं नसतं.

बॉक्स_क्रिकेट_बाणेर
मी आमच्या सोसायटीच्या लीगमध्ये लिलाव पद्धत सुरू केली. अनुभव असा की कर्णधार सलामीवीर नसावा. सलामीवीर लवकर बाद झाला की चिडतो आणि ते गोलंदाजी बदलताना दिसतं. शक्यतो यष्टिरक्षकाला कर्णधार करा, त्याला सगळं मैदान समोर दिसतं. लिलावात निम्मे पैसे पहिल्या दोन खेळाडूंवर घालू नका.

लेगब्रेक
बाणेरकर, त्यांना संघ बांधायचा नाहीये.
ओवी, दोन हंगाम सलग खेळलेले असे किती खेळाडू तुझ्याकडे आहेत? तुलना त्यांचीच होऊ शकते. स्टोक्सची २०१६ शी तुलना करणार कशी?

ओवी_कोथरूड
थोडेच. रहाणे, स्मिथ, धोनी, डू प्लेसी, झॅम्पा, भाटिया, दिंडा. त्यांतही दोन्हीकडे पुरेसे चेंडू असलेले त्याहून कमी. आणि रहाणेच्या २०१६ ला ४८० धावा, २०१७ ला जास्त सामने खेळून ३८२. मग काय लिहू, की स्मिथमुळे रहाणे बिघडला?

पुरवणी_हवी
नाही, तेच लिहायचं नाही. मी विश्लेषणाचं काम करतो, जरा सविस्तर लिहितो.

एका गोलंदाजाला सामन्यात जास्तीत जास्त २४ चेंडू. साखळीचे १४ सामने पूर्ण टाकले तरी ३३६. एवढ्या चेंडूंत दोन झेल सुटले, एका फलंदाजाचा दिवस आला, की इकॉनॉमी इकडची तिकडे होते. कर्णधाराचा खरा परिणाम असलाच तरी तो या गोंधळापेक्षा लहान असणार. टी-टेस्टमधून काही न निघणं अपेक्षितच आहे, तुझं गणित चुकलेलं नाही.

दुसरं, उनाडकटकडे बघ. २०१७ ला ३० लाखांत घेतलेला गोलंदाज, २४ बळी, हैदराबादविरुद्ध शेवटच्या षटकात हॅट्ट्रिक आणि षटक निर्धाव. सगळे म्हणाले, स्मिथने घडवला. पुढच्या वर्षी राजस्थानने साडेअकरा कोटी मोजले, कर्णधार रहाणे, बळी ११. इथपर्यंत पंचांचा मुद्दा टिकतो. पण २०१९ च्या मध्यात राजस्थानचं कर्णधारपद पुन्हा स्मिथकडे आलं, २०२० लाही त्याच्याचकडे होतं. उनाडकट त्याच संघात होता. २०१७ चा उनाडकट परत आला का? नाही. आणि २०२० ला राजस्थान गुणतक्त्यात तळाला होतं. कर्णधार तोच, गोलंदाज तोच, फळ वेगळं. एका असामान्य हंगामानंतर खेळाडू आपल्या नेहमीच्या पातळीकडे परततो, तो भाग कर्णधाराच्या नावावर टाकायचा नाही.

म्हणून माझं म्हणणं: निकाल मोजू नकोस, निर्णय मोज. कर्णधाराच्या हातात काय असतं? कुणाला कितवं षटक द्यायचं, मार खाल्ल्यावर पुन्हा चेंडू द्यायचा की नाही, चार षटकं पुरी करायची की नाही. फलंदाजीचा क्रम पक्का ठेवायचा की रोज हलवायचा. हे सगळं चेंडूगणिक डेटात आहे आणि त्यात नशिबाचा भाग फार कमी. शैलीतला फरक असेल तर आधी इथे दिसेल. खेळाडूच्या कामगिरीचा प्रश्न त्याच्यानंतरचा.

नदीकाठचा_पंच
२०२० च्या राजस्थानचा मुद्दा मान्य नाही. स्पर्धा अमिरातीत, स्टोक्स उशिरा आला. ती तुलना न्याय्य नाही.

पुरवणी_हवी
बरोबर. आणि त्याच न्यायाने २०१६ ची पुण्याची तुलनाही न्याय्य नाही, माही_माझा यांनी वर कारणं दिलीच आहेत. एका बाजूला दुखापती मोजायच्या आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं चालणार नाही.

नेहरू_स्टेडियम_पूर्व_गॅलरी
या निमित्ताने एक विचारतो. आयपीएल पुण्यात कायमचं कधी येणार? आधी पुणे वॉरियर्स गेले, मग हा संघही दोन वर्षांत गेला. गहुंजे फार लांब, सामना संपला की हायवेवर अडकायचं. नेहरू स्टेडियमला स्वारगेटवरून चालत जायचो.

लेगब्रेक
अवांतर: जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग असते ना गहुंज्यालाच, २०२३ पासून. पहिल्या वर्षी ऋतुराज पुणेरी बाप्पाकडून आणि केदार जाधव कोल्हापूरकडून होता. आपली पोरं जवळून बघायला मिळतात. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

प्राध्यापक_निवृत्त
कर्णधाराबरोबर पडद्यामागच्या माणसांचाही विचार करावा. सुनील नारायण या फिरकी गोलंदाजाला सलामीला पाठवायचं धाडस कोलकात्याने २०१७ ला गंभीरच्या कर्णधारपदाखाली केलं. २०२४ ला तोच नारायण पुन्हा सलामीला आला, ४८८ धावा, १७ बळी, आणि संघ विजेता. तेव्हा कर्णधार श्रेयस अय्यर होता आणि गंभीर मेंटॉर. श्रेय कुणाचं? माझ्या मते फ्रँचायझीत कर्णधार हा निर्णयाचा शेवटचा हात आहे, एकमेव डोकं नव्हे. विद्यार्थिनीने ही मर्यादा प्रकल्पात ठळकपणे लिहावी. परीक्षक तेच विचारतील.

माही_माझा
पण काही गोष्टी फक्त कर्णधाराच्याच असतात सर. २०१९ ला वॉटसन सामन्यामागून सामना अपयशी जात होता. धोनीने त्याला काढलं नाही. मग हैदराबादविरुद्ध ९६ आणि अंतिम सामन्यात ८०. हा विश्वास कुठल्या तक्त्यात येतो?

पुरवणी_हवी
येतो की! अपयशी डावांनंतरही खेळाडू संघात किती सामने राहिला, तेवढंच मोजायचं. प्रत्येक कर्णधारासाठी मोजा. धोनी वेगळा असेल तर तो वेगळा दिसेल.

ओवी_कोथरूड
हे पटलं. म्हणजे शैली निर्णयांतून मोजायची आणि कामगिरी वेगळ्या प्रकरणात. पण फक्त पुण्याचे दोन हंगाम पुरतील का? आणि कर्णधारपद मिळालं की खेळाडूचा स्वतःचा खेळ बदलतो, ते घेऊ का?

लेगब्रेक
पुरणार नाहीत. हंगामाच्या मध्येच कर्णधार बदललेले संघ घे. तिथे खेळाडू तेच राहतात, लिलावाची अडचण येत नाही. चेन्नई २०२२: जडेजाकडे ८ सामने, त्यांत ६ पराभव, मग पुन्हा धोनी. राजस्थान २०१९: रहाणे, मग स्मिथ. मुंबई २०१३: पाँटिंगने स्वतःहून जागा सोडली, रोहित आला आणि त्याच वर्षी चषक.
दुसऱ्या प्रश्नाचं: ते इथे घेऊ नकोस, विषय फुटेल. जडेजा दबला हे खरं, पण त्याच संघात २०२४ ला ऋतुराजने कर्णधार म्हणून ५८३ धावा केल्या. एका दिशेचं उत्तर मिळणार नाही.

नदीकाठचा_पंच
यातही गोम आहे. हंगामाच्या मध्ये कर्णधार संघ हरत असतानाच बदलतात. हरणारा संघ पुढे थोडा सावरतोच. ती सुधारणा नव्या कर्णधाराच्या नावावर जाईल.

पुरवणी_हवी
पंच, हा मुद्दा अगदी नेमका आहे. ओवी, हा मर्यादांमध्ये लिही. शिवाय तेवढेच हरत असलेले पण कर्णधार न बदललेले संघ शेजारी ठेव. तुलनेसाठी ते लागतीलच.

ओवी_कोथरूड
ठीक, आज रात्री तेच करते. एक शेवटचं. माझ्याकडे काही गोलंदाजांचे बळी प्रसिद्ध आकड्यांपेक्षा जास्त येतात आणि चेंडूही. फाइल बिघडलेली आहे का?

लेगब्रेक
फाइल कुठली? क्रिकशीट या चेंडूगणिक डेटा देणाऱ्या साइटची?

ओवी_कोथरूड
हो.

लेगब्रेक
मग फाइल ठीक आहे. धावबाद गोलंदाजाच्या नावावर मोजू नकोस, बाद होण्याचा प्रकार वेगळ्या रकान्यात असतो, त्यावर गाळणी लाव. वाइड आणि नो-बॉल चेंडूंच्या मोजणीतून काढ, पण त्यांच्या धावा गोलंदाजाकडे ठेव. बाय आणि लेगबाय त्याच्या धावांतून वजा. सुपर ओव्हरचा डावही वेगळा येतो, तो वगळ. हे करून २०१७ च्या उनाडकटचे २४ येतात का बघ. आले तर पुढे जा.