नाताळची सुट्टी, घरचा ओल्डमॅन आणि टिकणारे संकल्प: बेळगावात राहूनच कसं जमवायचं?

टिळकवाडी_आई

मुलांना २४ डिसेंबर ते १ जानेवारी सुट्टी आहे. थोरली १३ वर्षांची, धाकटा ८ चा. यंदा चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं नाही. इथंच राहून सुट्टी जरा ठरवून घालवायची आणि ३१ ला रात्री जाळायचा ओल्डमॅन, म्हणजे सरत्या वर्षाचा म्हाताऱ्याचा पुतळा, आयता विकत न आणता घरीच करायचा असं चाललंय. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ओल्डमॅन कसा करायचा आणि जाळताना काय सांभाळायचं? दोन, मधल्या दिवसांत मुलांना घेऊन जवळपास कुठं जाता येईल? तीन, नव्या वर्षाचे संकल्प १५ जानेवारीपर्यंतच टिकतात, त्यावर काही उपाय? "मोबाइल बंद करा" सोडून सांगा.

कॅम्पातला_कारागीर

ताई, ओल्डमॅनचं सांगतो. सांगाडा, पोट आणि तोंड ही तीनच कामं. पण बिघडतो तो सांगाड्यातच.

सांगाड्याला दोन बांबू. उभा ६ फुटांचा, आडवा साडेतीन फुटांचा. आडवा बांबू वरून सव्वा फुटावर लावायचा म्हणजे खांद्याच्या वर डोक्याला जागा राहते. सांधा बाइंडिंगच्या तारेनं बांधा, सुतळीनं नको. सुतळी पहिल्या दोन मिनिटांत जळते, हात खाली येतात आणि पेटलेलं धूड पुढं झुकतं.

कपडे जुने पण सुती. पॅन्ट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. पॉलिस्टर पेटल्यावर वितळून ठिबकतं, तो थेंब कातडीला चिकटतो. पॅन्टचे पाय खाली सुतळीनं आवळा, आत भाताचं पिंजर (वाळलेला पेंढा) भरा, मग शर्ट. मोठ्या माणसाच्या मापाला सिमेंटच्या पोत्यानं अडीच-तीन पोती पिंजर लागतं. सुगी नुकतीच झालेली असते, त्यामुळं काकतीकडं, उचगावकडं मागितलं तरी मिळतं. भरताना लई ठासू नका. ठासलेलं पिंजर पेटत नाही, नुसतं धुमसतं आणि अख्ख्या गल्लीला खोकला लावतं. हातानं दाबलं की चार बोटं आत जावं, इतपतच.

तोंड फुग्यावर करा. रद्दीच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून तीन-चार थर द्या. दाढीला ताग किंवा मक्याच्या कणसाची वाळलेली केसरं. मडकं वापरू नका, तापून फुटलं की खापऱ्या उडतात. थर्माकोल, टायर, प्लॅस्टिकचा चष्मा, फोमचे बूट यातलं काहीच नको.

आणि पोटात फटाके घालायची इथं जी खोड आहे ती घरच्या ओल्डमॅनला अजिबात लावू नका. पिंजरातनं फटाका कुठल्या बाजूनं बाहेर येईल याचा नेम नसतो.

खानापूर_रानवाट

वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. बांबूची पेरं आतून बंद असतात. तापली की आतली हवा आणि ओल फुगून पेर सुतळी बॉम्बसारखं फुटतं आणि चिपा उडतात. फटाका न घालताही आवाज येतो तो यानंच. एक तर बांबू उभा चिरून घ्या, नाहीतर प्रत्येक पेराला ड्रिलनं किंवा तापलेल्या सळीनं भोक पाडा. हिरवा बांबू नकोच.

जागेचं: मोकळी मातीची जागा बघा. डांबरावर जाळलं तर डांबर मऊ होऊन खड्डा पडतो. गच्चीवर तर नाहीच. वर विजेची, केबलची तार नसावी, आंब्याची फांदी नसावी, लावलेल्या गाड्या निदान १० मीटर लांब. खड्डा दीड फूट खोल, त्यात बांबू रोवून भोवती दगड ठोकून बसवा. नुसत्या भुसभुशीत मातीत रोवलात तर जळताना कलणार. हाच ठोकायचा बांबू दीड फूट जमिनीत जाणार हे धरून ६ ऐवजी साडेसात फुटांचा घ्या, नाहीतर पुतळा बुटका होईल.

पेटवताना राखेची चिमूट सोडून वारा बघायचा. वारा पाठीवर घेऊन पायाकडून पेटवा, लांब काठीला चिंधी बांधून. कापराच्या चार वड्या पुरतात. पेट्रोल ओतू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढली की भडका ओतणाऱ्याकडंच येतो. मुलं १५ फुटांवर, अंगात नायलॉनचं जॅकेट नको, सुती किंवा लोकरी. दोन बादल्या पाणी, एक पाटी वाळू आणि एक ओलं गोणपाट आधीच बाजूला ठेवा.

डिसेंबरात रात्री दव पडतं. पुतळा ३० लाच बाहेर उभा केलात तर ३१ ला पिंजर ओलं झालेलं असतं आणि धूरच धूर. दिवसभर उन्हात, संध्याकाळी पत्र्याखाली. जळून गेल्यावर राख वरून गार दिसते, आत निखारा असतो. पाणी ओतून काठीनं उकरा, परत ओता. सकाळी तारेचे तुकडे वेचून घ्या, नाहीतर कुणाच्या तरी चपलेतून जातील.

धाकट्यासाठी १२ ची वाट बघू नका, ८ वाजता उरका की. फटाके उडवणारच असाल तर सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणं ३१ ला रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ आहे. लाउडस्पीकर १० ला बंद.

पायवाट_बेळगाव

जागांचं मी सांगतो. आधी काय टाळायचं ते.

गोकाकला आता जाऊ नका. ५२ मीटरचा धबधबा म्हणून नेलंत तर मुलांना कोरडा खडक दिसेल, खरं पाणी जुलै ते सप्टेंबर. आंबोलीचं तेच. सौंदत्तीला मार्गशीर्षाच्या पुनवेच्या आसपास निघू नका, यल्लम्माच्या गर्दीत पार्किंगलाच अर्धा दिवस जातो. कणकुंबीची माऊली, मलप्रभेचा उगम छान आहे, पण ती वाट चोर्ल्याचीच. २८ नंतर गोव्याच्या गाड्या त्याच रस्त्यावर असतात, म्हणून तिकडं २७ लाच उजाडायला निघून दुपारी परत या.

चिकोडी, रायबाग, गोकाक या बाजूला अंधार पडल्यावर गाडी चालवूच नका. ऊसतोडीचे दिवस आहेत. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रेलर, उसाची टोकं दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आणि मागं लाल दिवाही नाही. समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपले की ट्रेलर दिसतो तो बॉनेटला लागल्यावर.

आता जायचं कुठं. २६ डिसेंबरला गाव सोडूच नका. १९२४ साली २६ आणि २७ डिसेंबरला काँग्रेसचं अधिवेशन तुमच्या टिळकवाडीतच झालं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर आणि वीरसौध हे अधिवेशनाचं स्मारक दोन्ही चालत बघून होतात. थोरलीच्या इतिहासाच्या पुस्तकात हे वर्ष असणार, त्याच तारखेला तिथं उभं राहू दे तिला.

एक दिवस खानापूर, नंदगड, हलशी. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या, कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी, त्याला १८३१ च्या जानेवारीत इथं फाशी दिलं. पुढं हलशीला कदंब राजांचं भूवराह नरसिंहाचं देऊळ. हलशीत जेवायची सोय धरू नका, भाकरी-झुणका बांधूनच न्या. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या.

अर्धा दिवस बेळगावच्या किल्ल्यात, १२०४ मधली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. आत गेल्यावर मान वर करा, छतातलं दगडी कमळ बघायचं असतं. मुलांना सांगितलं नाही तर ती मूर्ती बघून बाहेर येतात. २५ ला संध्याकाळी कॅम्पात नाताळचे गोठे बघायला पायी.

९ दिवसांत ३ दिवस बाहेर, बास. बाकीचे रिकामे ठेवा. रोज कुठं तरी नेलंत तर ३१ पर्यंत घरातलं प्रत्येक माणूस चिडलेलं असेल आणि ओल्डमॅनचं काम तुमच्या एकटीच्या गळ्यात येईल.

हौस असली तर डिसेंबर-जानेवारीत कडोली, उचगाव, येळ्ळूर इकडची मराठी साहित्य संमेलनं असतात. तारीख गावातल्या फलकावर लागते. कथाकथनाच्या सत्राला थोरलीला घेऊन बसा.

वहीवाली_मावशी

तिसऱ्या प्रश्नाचं. संकल्प मोडतो कारण तो ३१ च्या रात्री, जागरणात, उत्साहावर केलेला असतो. काम २८ ला करा.

भिंतीवरचं कॅलेंडर, पासबुक आणि फोनमधले फोटो घेऊन बसा. जानेवारीपासून एकेक महिना. कॅलेंडरवर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, डॉक्टर, लग्नं सगळं असतं, वर्ष कुठं गेलं ते तिथंच कळतं. वहीत दोनच रकाने करा: कशानं बरं वाटलं, कशानं दमायला झालं. तासाभराचं काम आहे. दमवणाऱ्या रकान्यात एकच गोष्ट तीनदा आली असेल तर संकल्प तिथून काढायचा, शेजारणीच्या संकल्पातून नाही.

आणि दोनच. "व्यायाम करणार" हा संकल्प नव्हे. कधी, कुठं, कशाच्या पाठोपाठ, हे तिन्ही लिहायला पाहिजे. "सकाळचा चहा गाळला की कट्ट्याजवळ उभं राहूनच कालचा खर्च वहीत." "संध्याकाळी देवाला दिवा लावला की चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं." आधीपासून रोज होणाऱ्या कामाच्या शेपटीला नवीन काम बांधलं की वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. प्रत्येकाची एक सगळ्यात लहान मात्राही ठरवा. ताप आला, पाहुणे आले, तर निदान फाटकापर्यंत तरी.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, कुणाला १८, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. १५ जानेवारीला मोडला म्हणता ना, तेव्हा ती सवय झालेलीच नसते. १ जानेवारीपासून ६६ वा दिवस ७ मार्चला येतो. कॅलेंडरवर तिथं आत्ताच खूण करा. संक्रांतीला पहिली तपासणी, जमत नसेल तर मात्रा कमी करा, संकल्प बदलू नका.

संकल्पाच्या चिठ्ठ्या करणार असाल तर जे सोडायचंय तेवढंच ओल्डमॅनच्या खिशात. माणसांची नावं लिहू देऊ नका, मुलं एकमेकांची लिहितात आणि तिथंच भांडण. जे धरायचंय ती चिठ्ठी जाळायची नाही, मसाल्याच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा. रोज उघडतो तो डबा.

शहापूरचा_जुना

ओल्डमॅन, ३१ डिसेंबर, हे सगळं इंग्रजांच्या आणि गोव्याच्या वाऱ्याचं. आपलं वर्ष पाडव्याला. संकल्प तेव्हा करा की.

वहीवाली_मावशी

काका, पाडवा ७ मार्चच्या नंतरच येतो. १ जानेवारीला पेरलं तर पाडव्याला गुढी उभी करताना सवय रुजलेली असेल. शिवाय शाळेची परीक्षा, मार्चअखेर, उन्हाळा, हे सगळं पाडव्याच्या अंगावर येतं. जानेवारी त्या मानानं मोकळा.

शहापूरचा_जुना

हे पटण्यासारखं आहे. पण मग ३१ ला केक नको, कुंदा करा.

१ लिटर म्हशीचं दूध, ३ चमचे दही, १५० ग्रॅम साखर, वेलदोडा. जाड बुडाच्या कढईत दूध दोन तृतीयांश होईपर्यंत आटवा, मग दही घाला म्हणजे कणी धरते. आटवत राहा. १५० मधली ५० ग्रॅम साखर वेगळ्या पळीत कोरडीच वितळवून तांब्याच्या रंगावर आणा आणि कढईत ओता. दूध गरमच असलं पाहिजे, गार झालेल्यात ओतलीत तर साखरेचे खडे होतात. ओतताना फसफसून उडतं, मुलांना लांब ठेवा. साखर काळी होऊ दिलीत तर कडू, तिथं परत फिरता येत नाही. उरलेली साखर घातली की मिश्रण पुन्हा पातळ होतं, घाबरू नका. कडेनं तूप सुटलं आणि अजून थोडं सैल आहे असं वाटतंय, तेव्हाच उतरवा. गार झाल्यावर घट्ट होतं. सव्वा तास धरा. टोन्ड दूध घेतलंत तर तूप सुटायची वाटच बघत बसाल.

टिळकवाडी_आई

सगळ्यांना धन्यवाद. २८ ला वही, २९ ला हलशी असं ठरलं. कारागीरदादा, मुखवटा मग कधी करायला घेऊ? आणि आतला फुगा तसाच ठेवायचा का?

कॅम्पातला_कारागीर

२६ ला सकाळी काँग्रेस विहीर बघून आलात की घ्या करायला. पहिले दोन थर त्याच दिवशी, दुसरे दोन २७ ला. दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्या, ओल्यावर ओला थर दिलात की आत बुरशी आणि वर सुरकुत्या. खळीत चमचाभर मीठ टाका, लवकर आंबत नाही. २८ ला दिवसभर उन्हात, बोटानं टकटक केलं की कोरडा आवाज आला पाहिजे. मग फुगा फोडून बाहेर काढा, रबर जळलं की वास सुटतो. रंग २९ ला हलशीहून आल्यावर नको, दमलेले असाल. ३० ला द्या, पाण्याचेच रंग. ऑइलपेंट नको. मान करताना भोक बांबूपेक्षा बोटभर मोठं ठेवा आणि बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळून तोंड वरून खोचा, म्हणजे तार लागत नाही आणि डोकं हलतही नाही.