ड्वार्फ राजा करायचाय: व्हायकिंग बस्ट घ्यावा की तयार ड्वार्फ?

कोरीवकाम
मंडळी, म्हातारा ड्वार्फ (गोष्टींतला बुटका दाढीवाला) राजा करायचाय, १/१० मधे, म्हणजे खऱ्या मापाच्या दहाव्या हिश्शात, आणि बस्ट, म्हणजे डोकं ते छाती एवढाच रेझिनचा पुतळा. दोन किट बघून ठेवलेत. एक व्हायकिंग सरदार, दाढी आखूड, डोकं आणि हेल्मेट सुटं. दुसरा तयारच ड्वार्फ, पण दाढी, वेण्या, चिलखत सगळं एकसंध ओतलेलं. माझं स्पष्ट मत, व्हायकिंगच घ्यावा. भर घालणं सोपं असतं हो, कोरून काढणं महाकठीण. आखूड दाढीवर पुट्टीने लांब दाढी चढवता येते, पण जाड वेणी तासून खालची हनुवटी शोधायला गेलात तर तिथे हनुवटी नसतेच, नुसतं रेझिन.

वेणीफणी
अजिबात पटलं नाही. बस्ट छातीशी संपतो, उंची दिसतच नाही, मग ड्वार्फ ओळखायचा कशावरून? चेहऱ्यावरूनच ना. जाड नाक, रुंद गालफडं, मान जवळजवळ नाहीच. मी हेच केलंय, रोमन सैनिक घेऊन तीन आठवडे रोज रात्री दाढीचा एकेक केस ओढत बसलो आणि शेवटी झाला काय तर दाढीवाला रोमन सैनिक, फार वाईट वाटलं. तयार ड्वार्फ घ्या, चेहऱ्याला हात लावू नका, मुकुट आणि खांद्यावरची लोकर तेवढी नवीन करा.

कोरीवकाम
मानेचं बरोबर आहे, पण डोकं सुटं आहे म्हणूनच तर व्हायकिंग म्हणतोय. मानेचा खुंट ३-४ मिमी कापायचा, १ मिमी पितळी तारेची पिन घालून डोकं खांद्यात रुतवायचं. १/१० ला टाळू ते हनुवटी सव्वादोन सेंमीच्या आसपास, त्यात ४ मिमी म्हणजे केवढा फरक पडतो बघा. नाक, गाल ग्रीन स्टफने, म्हणजे निळा आणि पिवळा भाग एकत्र मळून होणाऱ्या हिरव्या पुट्टीने.

वेणीफणी
नुसत्या ग्रीन स्टफने नको, ते वाळलं तरी रबरासारखं राहतं, धड घासता येत नाही. त्यात अर्धं मॅजिक स्कल्प्ट मिसळा, ती पुट्टी कडक होते. आणि ग्रीन स्टफची निळी-पिवळी जोडपट्टी असेल तर मधे दोन रंग चिकटलेत तेवढी चिंधी कापून टाका, तिथे आधीच कडक झालेले कण असतात आणि ते नेमके गालावर वर येतात.

सई रंगवते
अरे दोघांनी रेझिन कुठलं ते विचारलंच नाही! ओतीव पॉलियुरेथेन असेल तर करवत, ड्रिल सगळं चालतं. थ्रीडी प्रिंटचं बरेचदा ठिसूळ असतं, मला एका विक्रेत्याने न सांगता प्रिंट पाठवला होता, कान कापायला गेले तर अर्ध्या गालाचा टवका उडाला. प्रिंट असेल तर वेणीफणी म्हणतोय तेच कर, चेहरा सोड. ओतीव असेल तर व्हायकिंग बिनधास्त काप, पण वॉटर पेपर ओला करूनच घास आणि मास्क लाव, ती धूळ छातीत जाते. आणि रंगवलेल्या फोटोवर जाऊ नकोस, नाकाची अर्धी सावली रंगातलीच असते. बिनरंगी सुट्या भागांचे फोटो मागव, ते आले की इथे टाक, मग बोलू.