गुडघा बदलल्यावर ती पाय हलवणारी मशीन घ्यावी का?

मानेवाडावाला: आईचा गुडघा बदलला, टाके निघाले, फिजिओवाली ताई घरी येते पण आई दुखतं म्हणून पाय वाकवूच देत नाही, शेजारच्या काकू म्हणतात ती पाय आपोआप हलवणारी मशीन भाड्यानं आणा. आणू का?

हाडवैरी: काहून पैसे घालवता बाप्पा. सीपीएम म्हणतात तिला, कोक्रेन म्हणून संस्था आहे, जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते, तिच्या आढाव्यात गुडघा वाकण्यात फरक निघाला तो नगण्य. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडतो, तो आईनंच ताकद लावल्याशिवाय जागा होत नाही. दुखण्याची गोळी डॉक्टरला विचारून व्यायामाच्या आधी द्या, नंतर बर्फ. आणि पोटरी अचानक सुजली, दुखली तर व्यायाम बंद, लगेच सर्जनला फोन.

सीताबर्डी_७७: माझ्या बाबांना ऑपरेशनच नको, नुसत्या व्यायामानं भागते का?

हाडवैरी: डेन्मार्कचा २०१५ चा अभ्यास आहे, १०० पेशंटचा. ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त मिळाला, गंभीर त्रासही त्यांनाच जास्त. व्यायाम, वजन, आहारवाल्या गटात वर्षभरात साधारण चारातल्या एकानंच ऑपरेशन केलं. बाबांचं वजन किती?

सीताबर्डी_७७: ते नका विचारू 😅

मानेवाडावाला: मशीन कॅन्सल. ताईला संध्याकाळी बोलावतो, दुपारी उन्हात आईची चिडचिड वेगळीच असते.