चेशायरच्या तीन फेऱ्या: बॉम्ब टाकणाऱ्याला सभ्य म्हणावं का?

पानसुपारी

8 फेब्रुवारी 1944 ची रात्र. फ्रान्समधलं लिमोज, तिथला नोम-रोन हा विमानांची इंजिनं बनवणारा कारखाना. ताबा जर्मनांचा, पण आत राबणारी माणसं फ्रेंच, आणि रात्रपाळीला बहुतेक बाया. एक ब्रिटिश लँकेस्टर छपरांना घासून जाईल इतक्या खालून घोंघावत जातं. बॉम्ब पडत नाही. वळून पुन्हा येतं, तरी बॉम्ब नाही. तिसऱ्यांदा येतं. तोवर बाया यंत्रं सोडून पळत सुटलेल्या. चौथ्या फेरीला मात्र आगलावे बॉम्ब छपरावर पडतात आणि त्या उजेडाच्या खुणेवर मागची विमानं बारा-बारा हजार पौंडांचे बॉम्ब सोडतात. कारखाना भुईसपाट, माणसं जवळपास सगळी वाचली.

त्या पहिल्या विमानात होता विंग कमांडर लेनर्ड चेशायर. धरणं फोडून गाजलेल्या 617 स्क्वॉड्रनचा तेव्हाचा प्रमुख.

हा ऑक्सफर्डला कायदा शिकलेला मुलगा. नोव्हेंबर 1940 मध्ये कोलोनजवळ विमानविरोधी तोफेचा मारा लागून याच्या व्हिटली विमानातलाच फ्लेअर (खाली उजेड पाडायची दारूची नळी) फुटला. एक बाजू फाटली, आत आग, वायरलेसवाला गंभीर भाजलेला. अशा विमानाला तासन् तास सांभाळत इंग्लंडला परत आणलं, डीएसओ हे शौर्यपदक मिळालं. पुढे 76 स्क्वॉड्रनवर असताना हॅलिफॅक्स विमानं फार पडत होती, तर याने पुढचा आणि पाठीवरचा तोफखाना काढूनच टाकला: वजन घटलं, वेग आणि उंची वाढली. पंचविसाव्या वर्षी ग्रुप कॅप्टन, आरएएफमधला (ब्रिटिश हवाई दलातला) सगळ्यात तरुण. प्रशिक्षण तळावर खुर्ची मिळाली होती, ती सोडून एक हुद्दा खाली उतरून 617 घेतलं. जुलै 1944 पर्यंत शंभर मोहिमा. व्हीसी (व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) जाहीर झाला 8 सप्टेंबरला, सत्ताविसावा वाढदिवस उलटून एक दिवस झाला होता. तोही एखाद्या रात्रीच्या पराक्रमाला नाही, चार वर्षांच्या एकूण कामगिरीला.

माझ्या मते त्याचं धाडस दुय्यम आहे, धाडसी पुष्कळ होते. त्याने 'नेम' या गोष्टीचा हट्ट धरला. वीस हजार फुटांवरून अंदाजाने शहर भाजण्यापेक्षा खाली उतरा, खूण नीट लावा, हवं तेच पाडा. बॉम्बरच्या कमांडरला सभ्य म्हणायचंच असेल तर याला म्हणावं. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_मास्तर

असहमत. सगळा धागा लिमोजवर उभा आहे आणि म्युनिक सोयीस्करपणे गाळलंय.

24 एप्रिल 1944 ची रात्र. हाच माणूस, हीच खाली उतरण्याची पद्धत, फक्त लँकेस्टरऐवजी मॉस्किटो, दोन माणसांचं हलकं विमान. सर्चलाइट आणि तोफांच्या माऱ्यातून सातशे फुटांपर्यंत खाली येऊन शहराच्या मधोमध खूण लावली आणि मागून दोनशेच्या वर लँकेस्टर आले. व्हीसीच्या मानपत्रात याच मोहिमेचा खास उल्लेख आहे. तिथे कुणासाठी तीन फेऱ्या मारल्या? म्युनिकमध्येही रात्रपाळीच्या बाया असतीलच.

मॉस्किटो मिळाली कशी, तेही सांगतो. चेशायरने ती मागितली तेव्हा बॉम्बर कमांडचा (ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलाचा) प्रमुख हॅरिस याने अट घातली म्हणतात: म्युनिक नीट करून दाखवा, मग विमानं तुमची. म्हणजे तुमच्या त्या 'नेमा'ची किंमत एका शहराने चुकवली. आणि नेम सुधारल्याने बॉम्बफेक सभ्य होते हा तर्कच चुकीचा आहे. चाकूला धार लावली म्हणून खाटीक शाकाहारी होत नाही.

हवाईमामा

मास्तर, उपमा झकास, पण 1941 मध्ये काय परिस्थिती होती तेही बघा. मी हवाई दलात ग्राउंड क्रूला होतो (अर्थात कितीतरी नंतर, आणि भारतात), त्यामुळे हा विषय जवळचा.

1941 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सरकारने हवाई फोटो तपासून घेतले, तो बट अहवाल. ज्यांनी "लक्ष्यावर टाकले" असं परत येऊन सांगितलं, त्या विमानांतलं तिनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचलं होतं! पाच मैल म्हणजे शिवाजीनगर स्टेशनवर टाकायला निघालात आणि पिंपरीच्या अलीकडे कुठेतरी टाकून आलात. जर्मनीतल्या रूरच्या धुरकट, कारखान्यांच्या खोऱ्यात तर दहातलं एक. एवढ्या नेमावर कारखाना पडणार नाही, शहरच पडेल. मग फेब्रुवारी 1942 मध्ये फर्मान निघालं की लक्ष्य म्हणजे शत्रूच्या नागरिकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य. लोक याचं खापर हॅरिसवर फोडतात, पण ते फर्मान हॅरिस गादीवर बसायच्या आधीचं आहे. त्याने ते मन लावून राबवलं, हे खरंच.

या पार्श्वभूमीवर एक स्क्वॉड्रन प्रमुख म्हणतो की मी खाली जाऊन खूण लावतो. खुद्द पाथफाइंडरवाल्यांनी (लक्ष्यावर खुणा लावणारं खास दल) याला वेडेपणा ठरवलं होतं. त्याने करून दाखवलं. जून 1944 मध्ये फ्रान्समधला सोमूरचा रेल्वे बोगदा बारा हजार पौंडी टॉलबॉय बॉम्बने बंद पाडला, दक्षिणेकडून, मित्रसैन्य उतरलं होतं त्या नॉर्मंडीकडे येणाऱ्या जर्मन रणगाड्यांची वाट त्यामुळे अडली. एका बोगद्यासाठी अख्खं गाव जाळावं लागलं नाही.

आणि ती मस्टँगची गोष्ट! अमेरिकन एक-सीटर मस्टँग खोक्यात बंद होऊन आलं. मेकॅनिकांनी त्याच दिवशी जोडलं आणि त्याच दिवशी हा त्यात बसून फ्रान्समधल्या सिराकूरच्या मोहिमेवर निघाला. सरावाचं एकही उड्डाण नाही. शेजारी नॅव्हिगेटर नाही. परत येऊन अंधारात उतरायचं. मेकॅनिक म्हणून सांगतो, मी जोडलेलं विमान असं कुणी नेलं असतं तर रात्रभर धावपट्टीकडे बघत उभा राहिलो असतो.

सोनटक्का

इंग्रजांचे पोवाडे गायचे दिवस आले का? 1943 मध्ये बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं भुकेने मेली, त्याच साम्राज्याच्या पगारावर हे महाशय उडत होते. चर्चा करायचीच तर आपल्या विंग कमांडर गौतमांची करा. कॅनबेरा बॉम्बर, दोनदा महावीर चक्र, 1965 आणि 1971.

हवाईमामा

गौतमांवर स्वतंत्र धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. त्यांची लक्ष्यं पाकिस्तानी विमानतळांसारखी लष्करी होती, हे मात्र इथेच नोंदवतो. शहर जाळायला आपली कॅनबेरा गेली नाहीत. या वादात तो मुद्दा कामाचा आहे, बंगालचा नाही. बंगालचा चेशायरशी संबंध जोडायचा तर तेव्हाच्या आपल्या अडीच लाखांच्या वर सैनिकांशीही जोडावा लागेल, तेही त्याच पगारावर होते.

सोनटक्का

अडीच नाही, वीस लाखांच्या वर. सैन्य एवढं वाढलं होतं. निदान आकडा तरी नीट द्या मामा.

हवाईमामा

बरोबर. एक शून्य खाल्लं आणि वर भर घातली. माफी.

रात्रपाळी

मी चाकणला कारखान्यात आहे, आयडीवरून कळेलच. पानसुपारींच्या गोष्टीत सगळे वरून बघतायत, मी जरा खालून बघतो.

रात्री अडीचला शॉपवर प्रेस चालू असतात तेव्हा शेजारच्याचा आवाज येत नाही, विमानाचा काय येणार? तरीही छप्पर हादरावं इतक्या खालून गेलं असणार. पहिल्या फेरीला माणूस वर बघतो. दुसऱ्या फेरीला सुपरवायझरकडे बघतो. सुपरवायझर म्हणतो मशीन बंद करू नका. लिमोजमध्ये तर वर जर्मन पहारा. पाळी सोडून पळायचं म्हणजे उद्या पकडून नेण्याची भीती. त्या बायांनी तो हिशोब केला आणि पळाल्या. अक्कल त्यांची पण होती, सगळं श्रेय पायलटला देऊ नका.

पण एक सांगतो, आणि यात मी पानसुपारींच्या बाजूचा. फेरी मारायची म्हणजे तोफांना संधी द्यायची. सात जणांचा जीव तीनदा पणाला लावला, समोरची माणसं ओळखीची नाहीत, शत्रूचंच इंजिन बनवतायत. वरिष्ठांनी त्याला मोहीम यशस्वी झाली का एवढंच विचारलं असतं. आमच्याकडे साधा फायर ड्रिल असेल तर उत्पादन बुडतं म्हणून कुरकुर होते.

खडूस_मास्तर

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे. पण त्या बाया फ्रेंच होत्या, म्हणजे मित्रराष्ट्राच्या. फ्रान्समध्ये नागरिक मरू नयेत हे ब्रिटिशांचं राजकीय धोरणच होतं, काही महिन्यांनी तिथेच उतरायचं होतं. जर्मन बाईसाठी फेरी मारली असती तर मी टोपी काढली असती.

धरणांचंच घ्या. ते चेशायरच्या आधीचं, गाय गिब्सनचं, मे 1943. 19 विमानं गेली, 8 परत आली नाहीत, 53 वैमानिक मेले. खाली पुरात सुमारे 1300 माणसं बुडाली आणि त्यांत शेकड्यांनी होत्या त्या सोव्हिएत भागातून पकडून आणलेल्या मजूर बाया. नेम अचूकच होता की.

दुसरा मुद्दा कुणीच काढला नाही: एलएमएफ. 'लॅक ऑफ मॉरल फायबर'. ज्याची नस तुटली, जो म्हणाला आता मला उडता येत नाही, त्याच्या कागदावर हा शिक्का. हुद्दा गेला, छातीवरचे पंख गेले, घरी तोंड दाखवायची सोय नाही. अशांच्या बाबतीत आपण निष्ठुर होतो, हे चेशायरने स्वतःच नंतर कबूल केलंय. लिमोजच्या अनोळखी बायांसाठी तीन फेऱ्या, आणि आपल्याच तळावरच्या विशीतल्या पोराला एक संधी नाही.

पानसुपारी

एलएमएफचं माहीत होतं, लिहिताना गाळलं. चूक माझी.

पण त्या तळांवरचा आकडा बघा. बॉम्बर कमांडचे साधारण सव्वा लाख वैमानिक, त्यांतले 55,573 मेले. शंभरातले चव्वेचाळीस. तीस मोहिमांची एक पाळी. संध्याकाळी मेसमध्ये ज्याच्या शेजारी बसून जेवलात त्याची खुर्ची सकाळी रिकामी. अशा ठिकाणी एकजण "मला जमत नाही" म्हणाला की उरलेल्यांना तेच वाटायला लागतं, ही भीती प्रमुखाला असणार. बरोबर होतं असं म्हणत नाही. त्या खुर्चीत मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, आणि तुम्हालाही येणार नाही.

बाकी त्याच्या सगळ्याच मोहिमा आगीच्या नव्हत्या. नॉर्मंडीत सैन्य उतरलं त्याच्या आदल्या रात्री 617 ने एकही बॉम्ब टाकला नाही. खाडीवर ठरलेल्या चकरा मारत ॲल्युमिनियमच्या कागदी पट्ट्या टाकत राहिले, दर काही सेकंदांनी एक गठ्ठा, तासन् तास. जर्मन रडारवर दिसावं की सात-आठ नॉटच्या वेगाने जहाजांचा मोठा ताफा येतोय, भलत्याच किनाऱ्याकडे. एक सेकंद चुकला की 'ताफा' उडी मारणार आणि सोंग उघडं पडणार. मला तर शंभर मोहिमांत हीच सगळ्यात अवघड वाटते.

अंधेरीकर

इतका वेळ वाचतोय, कुणीच मुंबईचं काढेना म्हणून लिहितो. महाकाली केव्ज रोडवर 'चेशायर होम' आहे. ते याच माणसाचं. 1956 मध्ये सुरू झालं, ब्रिटनबाहेरचं त्याचं पहिलं घर. अपंग आणि ज्यांना घर नाही अशांसाठी. नंतर डेहराडूनला, आणखी कुठे कुठे. याचं लग्नही मुंबईतच झालं, 5 एप्रिल 1959, स्यू रायडरशी. ती स्वतः पोलंडच्या युद्धपीडितांसाठी काम करणारी.

आम्ही ऑफिसातून एका दिवाळीला फराळ घेऊन गेलो होतो. व्हीलचेअरवरच्या एका आजोबांनी चकली मोडून बघितली, म्हणाले, "मोहन कमी पडलं." बरोबर होतं त्यांचं, कंत्राटी चकल्या होत्या. पाटीवरचा चेशायर म्हणजे इंग्लंडमधला परगणा असेल असं मला तोवर वाटायचं.

सुरुवातही साधी. 1948 मध्ये रुग्णालयाने घरी पाठवलेला, मरायला टेकलेला एक ओळखीचा माणूस याने आपल्या हॅम्पशायरच्या घरी आणला आणि स्वतः त्याची शुश्रूषा केली. तिथून सगळं. म्हणून म्हणतो, माणूस सभ्य होता.

खडूस_मास्तर

अंधेरीकर, त्या घराला माझा नमस्कार. पण धागा लष्करी कारकिर्दीचा आहे. 1948 नंतरचं पुण्य 1944 च्या खात्यात जमा करायचं नाही.

आणि लोक समजतात तसा तो पश्चात्ताप नव्हताच. 9 ऑगस्ट 1945 ला नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचे निरीक्षक म्हणून दोघं हवेत होते: शास्त्रज्ञ पेनी आणि हा. त्यांचं विमान ठरलेल्या जागी बाकीच्यांना भेटलंच नाही, ठरलेल्यापेक्षा खूप उंच राहिलं, त्यामुळे स्फोट लांबून पाहावा लागला. वर्ष संपेपर्यंत त्या शहरात सुमारे सत्तर हजार माणसं मेली. ते पाहून हा सेवेकडे वळला अशी गोड कथा सांगतात. प्रत्यक्षात बॉम्बने युद्ध संपलं आणि जीव वाचले, हेच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. पुढे अण्वस्त्रांच्या धाकाचंही त्याने समर्थनच केलं.

अंधेरीकर

मग उलट जास्तच पटतं. पापाची भरपाई म्हणून नाही केलं, करायचं होतं म्हणून केलं.

हवाईमामा

अवांतर: त्याची शंभरावी मोहीम फ्रान्समधल्या मिमोयेकची, 6 जुलै 1944. लंडनवर मारा करायला जमिनीत गाडलेल्या लांबलचक तोफांचा तळ. टॉलबॉयनी तो निकामी झाला, पण वरून ते कळेना. म्हणून ऑगस्टमध्ये त्याच तळावर सोडायला अमेरिकनांनी स्फोटकांनी भरलेलं विमान उडवलं. ते हवेतच फुटलं, आत जोसेफ केनेडी, पुढच्या राष्ट्राध्यक्षांचा थोरला भाऊ. मेलेल्या तळासाठी माणूस गेला. नेम लागला हे कळणंसुद्धा किती अवघड होतं बघा.

रात्रपाळी

मामा, हे वाचून पाळीला जायचं मन होत नाहीये. निघतो, बस आली.

पानसुपारी

म्युनिकवर मास्तरांचं मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. नेमाबद्दल मात्र हटणार नाही, सोमूरचा बोगदा आहेच. शीर्षकातलं 'सभ्य' बदलून 'कर्तबगार' करायचं होतं, पण प्रतिसाद आल्यावर इथे शीर्षक बदलता येत नाही.

खडूस_मास्तर

राहू द्या हो. 'कर्तबगार' लिहिलं असतंत तर मी उघडलाच नसता.