आयोडीन पाण्यात विरघळेना, कपाट गंजलं. कापडाला खळ आहे की नाही कसं बघू? (तातडीची मदत)

ताणाबाणा_सोलापूर
मंडळी, अर्जंट आहे. टॉवेलच्या लॉटला डाइंगमध्ये पट्टे आले. रंगारी मास्तर म्हणाले, "खळ (विणताना ताण्याला लावलेलं स्टार्च) राहिली असणार, आयोडीनने निळं पडतं का बघा." नव्या पेठेतून 100 ग्रॅमची बाटली आणली, 99.8 टक्के शुद्ध, चांगले पैसे मोजून. पाण्यात टाकलं तर खडे तळाला बसले, पाणी जेमतेम चहासारखं झालं. तेच कापडावर टाकलं, काहीच रंग आला नाही. म्हणजे खळ नाही ना? आणि चार दिवसांत लोखंडी कपाट आतून तपकिरी पडलं, वजनकाट्याची ताटली गंजली. माल बनावट आहे का? लवकर सांगा, पार्टी डोक्यावर बसलीय.

होटगीरोडवाला
किती पाण्यात किती टाकलं? कापड ओलं होतं की सुकं? गरम की गार? डिसायझिंग (खळ काढणं) एन्झाइमने केलं की ॲसिडने? काहीच सांगत नाही आणि लवकर सांगा म्हणे.

ताणाबाणा_सोलापूर
एक लिटरला दोन चमचे. डिसायझिंग बाहेर करून आणतो, एन्झाइमचं. कापड नेहमीसारखंच होतं.

होटगीरोडवाला
"नेहमीसारखं" म्हणजे कसं ओ?

मीठभाकरी
आयोडीन शरीराला लागतंच. आमच्या मावशीला गलगंड होता. पाण्यात थेंबभर घालून प्यायला हरकत नाही असं ऐकलंय.

प्रयोगशाळेतला_म्हातारा
मीठभाकरी, कृपा करून असलं लिहू नका. मिठात खडे आयोडीन नसतं, पोटॅशियम आयोडेट असतं, तेही घरापर्यंत पोचेस्तोवर दहा लाखात 15 भाग. हे खडे विष आहेत, तोंड-घसा भाजतात.

आता मूळ प्रश्न. माल बनावट नाही, आयोडीनचा स्वभावच तसा. लिटरभर पाण्यात ते ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच विरघळतं, दोन चमचे काय, पोतं ओतलंत तरी तेवढंच. आधी 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा. त्यात 0.6 ग्रॅम आयोडीन टाकून सगळे खडे जाईपर्यंत ढवळा. मग पाण्याने 800 मिली करा आणि उरलेलं स्पिरिटने भरून लिटर करा. (स्पिरिट घालताना शेजारी शेगडी, विडी काही नको.) आणि कपाट गंजलं कारण ते न वितळताही हवेत उडतं. वितळायला 114 अंश लागतात, पण वाफ आपल्या उन्हाळ्यातही निघत राहते, आणि आपली शेड चाळिसाच्या वर असते. लोखंड, तांबं, काहीच सोडत नाही. बूच कसलं आहे?

ताणाबाणा_सोलापूर
रबरी. कडक होऊन तडकलंय. आता फडकं गुंडाळलंय.

प्रयोगशाळेतला_म्हातारा
फडकं! अहो, तपकिरी काचेची बाटली घ्या, घासून बसणारं काचेचं बूच किंवा टेफ्लॉन अस्तराचं झाकण. रबर ते खातं. थंड जागी, कपाटाबाहेर, लोखंडापासून लांब ठेवा. मोजताना प्लास्टिकचा चमचा, हातमोजे, चष्मा, आणि खिडकी उघडी.

जिगर_मशीन
एवढं कशाला? मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा, दहा मिनिटांत काम. मी वीस वर्षं तेच करतो. आणि हातावरचे डाग काढायला अमोनिया लावा, झट्कन जातात. प्रोसेस हाउसमध्ये लिकर अमोनिया असतोच.

प्रयोगशाळेतला_म्हातारा
टिंक्चर चालेल, वाद नाही. त्यातही आयोडीन आयोडाइडबरोबरच असतं, म्हणूनच ते विरघळलेलं राहतं. पण अमोनिया नको! खडे आणि अमोनिया एकत्र आले की काळा गाळ बनतो, तो सुकला की पिसाचा स्पर्श झाला तरी फुटतो. ॲल्युमिनियमची भुकटी, जस्ताची भुकटी, त्यांच्यापासूनही लांब.

जिगर_मशीन
वीस वर्षांत एकदाही फुटलं नाही.

पूर्वभाग_पॉवरलूम
बे, वीस वर्षं फुटलं नाही म्हणून एकविसाव्या वर्षी हात घालतोस का?

जिगर_मशीन
टिंक्चर पातळ असतं, म्हणून फुटलं नसेल. ठीक आहे, सोडतो अमोनिया.

पूर्वभाग_पॉवरलूम
डागाला हायपो (सोडियम थायोसल्फेट) लावा की. ब्लीचिंगनंतर क्लोरीन मारायला आपण वापरतो तोच. थोडा पाण्यात विरघळवून फरशीवर, कपाटावर फिरवा, रंग जातो.

लॅबअसिस्टंट_ताई
हायपोचं बरोबर आहे, पण त्यातच घोळ आहे. कापड हायपो किंवा हायड्रोसच्या (तसंच आयोडीनचा रंग मारणारं रसायन) पाण्यातून आलं असेल तर खळ असूनही निळं येणार नाही. कॉस्टिक सोड्यातून न्यूट्रल न करता आलं तरी नाही. आणि गरम कापडावर निळं टिकतच नाही, गार झाल्यावर येतं. म्हणून पुन्हा विचारते, कापड कसलं होतं?

ताणाबाणा_सोलापूर
…कॉस्टिकमधून काढलेलं. गरम. वाफा निघत होत्या.

होटगीरोडवाला
हेच मी तिसऱ्या ओळीत विचारलं होतं ओ साहेब!

आरोग्यप्रेमी
आयोडीन 131 चं अर्धायुष्य 8 दिवस असतं. थायरॉइडच्या उपचारात वापरतात.

पूर्वभाग_पॉवरलूम
धन्यवाद. लॉटला कामी येईल.

लॅबअसिस्टंट_ताई
ग्रे (खळ न काढलेल्या कोऱ्या) कापडाचा एक तुकडा आणि डिसायझिंग झालेला एक, दोन्ही धुऊन, गार करून, शेजारी ठेवून द्रावण टाका, मिनिटभर थांबा. ग्रे गडद निळा-जांभळा व्हायलाच हवा, नाही झाला तर द्रावण चुकलं. दुसरा पिवळसर राहिला तर खळ नाही. बरं, तुमच्या ताण्याला खळ मैद्या-मक्याची की पीव्हीए (कृत्रिम खळ)? पीव्हीए असेल तर या परीक्षेवर विसंबू नका. आणि 99.8 लागत नाही हो, एवढं शुद्ध औषधं, एक्स-रेच्या रंगद्रव्यांसाठी लागतं. साधं लॅब ग्रेड पुरे.

ताणाबाणा_सोलापूर
मक्याची. टिंक्चरने केलं. ग्रे काळसर निळा. दुसऱ्यात पट्ट्यापट्ट्याने निळं, जिथे डाग तिथेच. डिसायझिंगवाल्याकडे तुकडा घेऊन निघालो. बाटलीचं झाकण उद्या बघतो.

होटगीरोडवाला
झाकण आज बघा.

मीठभाकरी
टॉवेल किलोवर देता की नगावर? लग्नात आहेराला पन्नास लागतील.