अनपेक्षितपणे भेटलेले शास्त्रीय संगीत : आपले अनुभव लिहावेत

स्पेनमधील साबादेल शहरातल्या एका चौकात २०१२ साली डबल बास हे उभे धरून वाजवायचे मोठे तंतुवाद्य घेतलेल्या एकाच वादकाने बीथोवनच्या नवव्या सिंफनीतील आनंदगानाची धून सुरू केली. मग चेलो आला, पाठोपाठ इतर वादक येत गेले आणि शेवटी गायकवृंदही गाऊ लागला. एका बँकेच्या १३० व्या वर्धापनानिमित्त घडवून आणलेला हा प्रसंग पुष्कळांनी पडद्यावर पाहिला असेल. परंतु चित्रफितीतील कॅमेरा नेमका खुललेल्या चेहऱ्यांकडेच वळतो, कंटाळून निघून गेलेला माणूस त्यात दिसत नाही. म्हणून जे स्वतः हजर होते त्यांनी लिहावे, ही विनंती. लोक थांबले का, आणि थांबले नसतील तर का, हेही अवश्य सांगावे.

* * *

विमान लांबल्यामुळे आम्ही सगळेच वैतागून बसलो होतो. सहप्रवाशांपैकी चौघांनी व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो बाहेर काढून हायडनचे क्वार्टेट (चार वादकांची रचना) सुरू केले. संथ भागात ध्वनिक्षेपकावरून वारंवार सूचना येत राहिल्या, तरी त्यांनी वादन थांबवले नाही. शेजारी मोठ्याने फोनवर बोलणारे गृहस्थ कोणी न सांगताच उठून दूर गेले. आमच्या रसिकतेपेक्षा, कोणालाच कुठे जाता येत नव्हते, याचा वाटा त्यात अधिक असावा.

* * *

मी ऐकणाऱ्यांत नव्हते, गाणाऱ्यांत होते. हँडेलच्या ‘मसीहा’ या संगीतरचनेतील हालेलुया कोरस, म्हणजे समूहगान, एका मॉलच्या खानपान विभागात गायचा, असे ठरले होते. आम्ही गिऱ्हाइकांसारखे विखरून बसलो होतो आणि खरी अडचण तिथेच होती. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीस मीटरवर बसलेल्या सोबत्याचा सूर जवळजवळ एक दशांश सेकंद उशिरा कानावर पडतो. त्यात उंच छताखालचा घुमारा. कानावर विसंबून गाणारा प्रत्येक जण मागे पडत जातो, त्यामुळे तालमीत आम्हाला एकच गोष्ट बजावली होती : ऐकू नका, संचालकाचा हात पाहा. फिलाडेल्फियातील मेसीज दुकानात २०१० साली सहाशेहून अधिक गायकांनी हाच कोरस गायला, तेव्हा त्यांना तिथल्या अवाढव्य ऑर्गनचा आधार होता. आमच्याजवळ लहानसा कीबोर्ड होता आणि तो मागच्या टेबलांपर्यंत पोहोचतच नव्हता. मधल्या भागात आमचे पुरुषस्वर सरळ सरळ सुटले. श्रोत्यांना ते जाणवले नसावे, कारण माझ्या शेजारच्या टेबलावरील बाई मी अचानक उभी राहून गाऊ लागल्याच्या धक्क्यातूनच सावरल्या नव्हत्या.

* * *

मला हा प्रकार फारसा रुचत नाही, तेव्हा थोडा विरोधी सूर. ख्यातनाम व्हायोलिनवादक जोशुआ बेल यांनी १२ जानेवारी २००७ रोजी सकाळच्या गर्दीत वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्थानकात १७१३ सालच्या स्ट्रॅडिव्हेरियस या अतिशय मौल्यवान व्हायोलिनवर बाख या संगीतकाराच्या रचना वाजवल्या. हजाराहून अधिक लोक समोरून गेले, त्यांपैकी सात जण काही वेळ थांबून ऐकत राहिले. यावरून लोकांना अरसिक ठरवले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. मीही एकदा स्थानकात गाडी पकडताना सुरेख चेलो ऐकला होता. मी थांबलो नाही, आणि थांबायला हवे होते असे आजही वाटत नाही.

* * *

एका संग्रहालयाच्या अंगणात सरोद ऐकला, त्याविषयी. कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्थानकात २०११ साली रॅव्हेलचे ‘बोलेरो’ वाजले, ती निवड चोख होती : ताशासारख्या स्नेअर ड्रमवर एकच लय अखंड चालू राहते आणि तीच धून एकेक वाद्य पुढे नेते, त्यामुळे वादक येत जाणे रचनेतच बसते. रागसंगीतात ही सोय नाही. तिथे वाढ होते ती एकाच कलावंताच्या आलापीत, आणि ती कळायला सुरुवातीपासून बसावे लागते. आमच्या सरोदियांनी यमनचा आलाप निगुतीने मांडला, पण येणारेजाणारे त्यांच्याकडे वाद्य जुळवणाऱ्या माणसासारखे पाहत होते. तबल्यावर पहिली थाप पडताच मात्र माना वळल्या, पाहता पाहता भोवती श्रोत्यांचे कडे झाले आणि माझ्याजवळ येऊन उभ्या राहिलेल्या एका मुलाने वडिलांना विचारले, “आत्ता सुरू झालं ना?”